परदेशी एमबीएचा अर्ज कोणत्या वर्षी, कोणत्या राऊंडला? बडोद्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दांडिया बाजार, रावपुरा, कारेलीबाग, अलकापुरी इथल्या मराठी घरांतली बरीच मुलंमुली आता परदेशी एमबीएचा विचार करतात. कोणी कोयलीच्या रिफायनरीत आहे, कोणी औषध कंपनीत, कोणी बँकेत, तर कोणी सयाजीराव विद्यापीठातून नुकतंच बाहेर पडलंय. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पहिल्या राऊंडला भरू की दुसऱ्या? माझ्या मते त्याआधी वर्ष ठरवायला हवं. वर्ष चुकलं तर कोणताही राऊंड मदतीला येत नाही, आणि वर्ष बरोबर असेल तर राऊंडचा प्रश्न बराच सोपा होतो. पुढची उत्तरं याच क्रमाने विचार करून लिहिली आहेत.

राऊंड म्हणजे नेमकं काय? वर्षाचं वेळापत्रक कसं असतं?

अमेरिकेतल्या बहुतेक नामांकित बिझनेस स्कूल ठरावीक तारखांपर्यंतच अर्ज घेतात. एका तारखेपर्यंत आलेले सगळे अर्ज एकत्र वाचले जातात, त्यांचा निकाल लागतो, मग पुढच्या तारखेचे अर्ज हातात घेतले जातात. पहिल्या राऊंडची तारीख सप्टेंबरमध्ये असते आणि निकाल साधारण डिसेंबरात येतो. दुसरा राऊंड जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, निकाल मार्चअखेरच्या सुमारास. तिसरा मार्चअखेर ते एप्रिल, आणि त्याचा निकाल मे महिन्यात. वर्ग ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतात. हार्वर्डमध्ये नेहमीच्या प्रवेशासाठी दोनच राऊंड आहेत. ड्यूकच्या फ्युक्वा स्कूलमध्ये सप्टेंबरच्या सुरुवातीला एक 'अर्ली ॲक्शन' असतो. तो बांधील स्वरूपाचा आहे, म्हणजे प्रवेश मिळाला तर तिथेच जाईन असं मान्य करून तो भरायचा.

म्हणजे सप्टेंबर २०२६ मध्ये अर्ज केला तर वर्ग ऑगस्ट २०२७ मध्ये सुरू होणार, आणि दोन वर्षांचा अभ्यासक्रम असेल तर पदवी २०२९ च्या उन्हाळ्यात हातात येणार. 'यंदा जायचंय' म्हणणाऱ्या मुलाला हा हिशेब कागदावर मांडून दाखवला की तो थोडा वेळ गप्प बसतो. पण तो आधीच मांडलेला बरा.

तारखेच्या दिवशी नेमकं किती वाजेपर्यंत अर्ज चालतो?

ते शाळेच्या, म्हणजे त्या बिझनेस स्कूलच्या, घड्याळावर असतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारी १२ ची मुदत असेल तर सप्टेंबरात आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. जानेवारीत तीच वेळ रात्री साडेदहाची होते, कारण हिवाळ्यात त्यांची घड्याळं एक तास मागे सरकतात. पश्चिम किनाऱ्यावरच्या शाळांची दुपार म्हणजे आपली मध्यरात्र उलटलेली. फीचं पेमेंट आपल्या कार्डावरून कधी कधी अडतं, म्हणून दोन दिवस आधी अर्ज पाठवून मोकळं व्हावं. लवकर पाठवल्याने गुण वाढत नाहीत, जीव शांत राहतो एवढंच.

पहिला राऊंड चांगला की दुसरा?

तयारी पूर्ण असेल तर पहिला. बाहेरच्या देशातून जाणाऱ्याला त्याचा फायदा इतरांपेक्षा जास्त होतो, आणि तो जागांच्या गणितापेक्षा हातात मिळणाऱ्या महिन्यांमध्ये आहे. डिसेंबरात निकाल कळला की कर्ज, पैशांचे पुरावे, व्हिसा, नोकरीचा राजीनामा, घर बघणं या सगळ्यासाठी सात-आठ महिने मिळतात. मार्चअखेर कळलं तर हेच सगळं चार महिन्यांत बसवावं लागतं. शिष्यवृत्तीचा पैसाही सुरुवातीला जास्त मोकळा असतो, असं बऱ्याच शाळा स्वतःच सुचवतात.

पण 'तयारी पूर्ण' हे शब्द मी जपून वापरतो. जीमॅट या प्रवेश परीक्षेचा गुणांक मनासारखा नाही, अर्जातले निबंध दोनदाच लिहून झालेत, साहेबांना शिफारसपत्राबद्दल अजून विचारलेलंच नाही आणि तरी सप्टेंबर गाठायचा, या घाईत चांगल्या मुलांचे अर्ज कच्चे जातात. एका वर्षात त्या शाळेला दुसऱ्यांदा अर्ज करता येत नाही. सप्टेंबरच्या कच्च्या अर्जापेक्षा जानेवारीचा पक्का अर्ज केव्हाही बरा. दुसरा राऊंड दुय्यम नाही. त्यात जागा भरपूर असतात आणि अर्जही सर्वांत जास्त तिथेच येतात.

आणि तिसरा राऊंड?

परदेशी विद्यार्थ्याने धरू नये. बहुतेक जागा भरलेल्या असतात आणि निकाल मे महिन्यात लागतो. मग आय-२०, म्हणजे व्हिसासाठी लागणारं शाळेचं प्रमाणपत्र, यायचं, मुंबईला व्हिसाच्या मुलाखतीची वेळ मिळायची आणि ऑगस्टच्या आत पोचायचं. यातलं एक जरी अडलं तरी सगळं कोलमडतं. काही शाळा तर परदेशी अर्जदारांना पहिल्या दोन राऊंडांतच भरा असं स्पष्ट सांगतात. एप्रिलमध्ये जाग आली असेल तर ते चार महिने येत्या सप्टेंबरसाठी वापरावेत.

जून संपत आलाय, जीमॅट व्हायचाय. सप्टेंबर जमेल का?

नोकरी सांभाळून अभ्यास करणाऱ्याला जीमॅटसाठी तीन ते चार महिने लागतात. गणित पक्कं असलेल्या इंजिनिअरलाही व्हर्बल आणि डेटा इनसाइट्स या भागांना वेळ द्यावा लागतो. सध्याची परीक्षा सव्वादोन तासांची आहे. प्रत्येकी ४५ मिनिटांचे तीन भाग असतात आणि गुणांक २०५ ते ८०५ यांच्या दरम्यान मिळतो. जुन्या ८०० च्या पट्टीवरच्या आकड्यांशी याची थेट तुलना करू नका, दोन्ही मापं वेगळी आहेत. पुन्हा द्यायची झाली तर मध्ये किमान १६ दिवस जावे लागतात आणि बारा महिन्यांत पाचदाच देता येते. जीमॅटऐवजी चालणाऱ्या जीआरई परीक्षेत हे अंतर २१ दिवसांचं आहे. दोन्हींचे गुण पाच वर्षं चालतात. म्हणून माझा आग्रह असा की परीक्षा अर्जाच्या वर्षाआधीच उरकून घ्यावी. कॉलेज सुटल्यावर पहिल्या एक-दोन वर्षांत अभ्यासाची सवय शाबूत असते, तेव्हा दिलेली परीक्षा पुढे कामाला येते. टोफेल आणि आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण मात्र दोनच वर्षं टिकतात. त्या इतक्या आधी देऊ नका.

तर जूनअखेरीला शून्यातून सुरुवात असेल तर सप्टेंबर सोडा आणि जानेवारी धरा. आणखी एक, आपल्या घरांपुरतं: पहिल्या राऊंडच्या तारखा गणपतीच्या आगेमागे येतात, आणि दुसऱ्या राऊंडच्या तयारीचे महिने म्हणजे नवरात्र, दिवाळी आणि मग लग्नसराई. बडोद्यात नऊ रात्री गरब्याला जायचं नाही असं मी कोणाला सांगणार नाही. पण त्या आठवड्यांत निबंध होणार नाहीत हे धरूनच वेळापत्रक आखा. नवरात्राच्या आत परीक्षा संपलेली असावी आणि दिवाळीच्या सुट्टीत निबंधांचा पहिला खर्डा व्हावा. एवढं जमलं तर जानेवारी सुखाने जातो.

किती वर्षांच्या अनुभवानंतर अर्ज करावा? यंदा करू की आणखी एक वर्ष थांबू?

हाच खरा प्रश्न आहे आणि याला सर्वांत जास्त वेळ द्यावा.

अमेरिकेतल्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांत विद्यार्थ्यांचा सरासरी अनुभव पाच वर्षांच्या आसपास असतो. हा आकडा वर्ग सुरू होतानाचा आहे, अर्ज करतानाचा नाही. अर्ज आणि वर्ग यांच्यात जवळजवळ वर्ष जातं, म्हणजे चौथ्या वर्षात अर्ज करणारा सरासरीत बसतो. पण वर्षं मोजून भागत नाही. त्या वर्षांत काय घडलं ते अर्जात दिसावं लागतं. भारतातून इंजिनिअर मुलांचे अर्ज मोठ्या संख्येने जातात. त्या गर्दीत 'चार वर्षं एकाच पदावर प्रामाणिक नोकरी' हे वाचणाऱ्याच्या लक्षात राहत नाही. हाताखाली माणसं आली, एखादा प्रकल्प आपल्या जबाबदारीवर उभा राहिला, मालकाच्या पैशाबद्दल निर्णय घ्यावा लागला, यातलं काहीतरी हवं.

म्हणून मी मुलांना विचारतो: पुढच्या बारा महिन्यांत तुझ्या कामात असं काही होणार आहे का, जे झाल्यावर तुझा अर्ज वेगळा वाचला जाईल? रिफायनरीतल्या मुलाच्या युनिटचं कमिशनिंग पुढच्या मार्चला असेल आणि तो त्या कामात मध्यवर्ती असेल, तर मी त्याला थांब म्हणेन. एप्रिलच्या अप्रेझलला बढती नक्की दिसत असेल, तर ती घेऊन सप्टेंबरचा पहिला राऊंड गाठणं उत्तम. पण उत्तर 'तसं काही नाही, असंच चालू राहील' असं असेल, तर थांबण्यात अर्थ नाही. कधी कधी आधी नोकरी किंवा विभाग बदलणं आणि दोन वर्षांनी अर्ज करणं हेच शहाणपणाचं असतं. मात्र नोकरी बदलून चार महिन्यांत अर्ज केला तर नवा साहेब तुम्हाला ओळखत नसतो आणि जुना नाराज असतो.

उलट बाजूही आहे. आठ-नऊ वर्षांच्या अनुभवानंतर दोन वर्षांचा अभ्यासक्रम अवघड जातो, कारण उन्हाळी इंटर्नशिप आणि त्यानंतरच्या नोकऱ्या तुलनेने तरुण उमेदवारांसाठी आखलेल्या असतात. अशांनी एक वर्षाचे अभ्यासक्रम किंवा अधिक अनुभव असलेल्यांसाठीचे अभ्यासक्रम बघावेत.

मी अजून फायनल इयरला आहे. मला काही मार्ग आहे का?

आहे, आणि आपल्याकडे तो फार कमी मुलांना माहीत असतो. हार्वर्डचा 'टू प्लस टू', स्टॅनफर्डचा डिफर्ड प्रवेश, व्हार्टनचा मोएलिस ॲडव्हान्स ॲक्सेस, शिकागो बूथचा स्कॉलर्स कार्यक्रम यांत शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याने अर्ज करायचा, जागा राखून ठेवायची आणि काही वर्षं नोकरी करून मग जायचं. येलच्या सिल्व्हर स्कॉलर्समध्ये कॉलेज संपताच थेट जाता येतं. या अर्जांच्या तारखा बहुतांशी एप्रिलच्या आसपास येतात, म्हणजे आपल्या विद्यापीठाच्या शेवटच्या परीक्षांच्या तोंडावर. टेक्नॉलॉजी फॅकल्टीच्या, म्हणजे जुन्या कलाभवनाच्या मुलांनी याचा विचार तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीतच करून जीमॅट किंवा जीआरई देऊन टाकावी. नाही मिळालं तरी काही बिघडत नाही, पुढे नेहमीच्या मार्गाने अर्ज करता येतोच.

युरोपातल्या शाळांचं गणित वेगळं आहे का?

बरंच. फ्रान्समधल्या इन्सियाडचा अभ्यासक्रम दहा महिन्यांचा आहे आणि तिथे वर्षातून दोन बॅच सुरू होतात, एक जानेवारीत आणि दुसरी उन्हाळ्याच्या अखेरीस. प्रत्येक बॅचला चार राऊंड असतात. एचईसी पॅरिसलाही वर्षातून दोनदा प्रवेश आहे. त्यामुळे अमेरिकेचा जानेवारी हुकला म्हणून वर्ष वाया गेलं असं होत नाही. लंडन बिझनेस स्कूलची एकच बॅच ऑगस्टच्या सुमारास सुरू होते आणि अर्ज सप्टेंबरपासून पुढच्या वसंतापर्यंत टप्प्याटप्प्याने घेतले जातात.

दहा महिन्यांच्या अभ्यासक्रमात फी एका वर्षाची आणि पगारही एकाच वर्षाचा बुडतो, हे मोठं आकर्षण आहे. पण सगळं इतक्या वेगाने होतं की क्षेत्र बदलायचं असेल तर तिथे पोचण्याआधीच दिशा ठरलेली हवी. इन्सियाडच्या जानेवारी बॅचला मध्ये उन्हाळ्याची सुट्टी मिळते आणि तिच्यात इंटर्नशिप करता येते. दुसऱ्या बॅचला तशी मोकळी जागा नाही. वित्तातून कन्सल्टिंगमध्ये किंवा कारखान्यातून तंत्रज्ञान क्षेत्रात जायचं असेल, तर हा फरक बॅच निवडतानाच लक्षात घ्या.

ब्रिटनच्या व्हिसासाठी पैसे खात्यात सलग २८ दिवस पडून असावे लागतात आणि क्षयरोगाची तपासणी मान्यताप्राप्त केंद्रावरच करावी लागते. घरचे लोक मुदत ठेव मोडून शेवटच्या आठवड्यात पैसे खात्यात टाकतात आणि मग अर्ज अडतो.

साहेबांना कधी सांगायचं?

अर्जाच्या तारखेच्या किमान तीन महिने आधी. बहुतेक शाळांना दोन शिफारसपत्रं लागतात आणि त्यातलं एक सध्याच्या वरिष्ठाचं असावं अशी अपेक्षा असते. पत्र शाळेच्या पोर्टलवर त्यांनी स्वतः भरायचं असतं, त्यात ठरावीक प्रश्न आणि प्रसंग विचारलेले असतात.

आपल्याकडे फार ठिकाणी साहेब म्हणतात, "तूच लिहून आण, मी पाठवतो." तसं करू नका. तुमच्या निबंधाची भाषा आणि साहेबांच्या पत्राची भाषा एक असेल तर वाचणाऱ्याला ते कळतं, आणि हा थेट प्रामाणिकपणाचा प्रश्न होतो. त्याऐवजी साहेबांसोबत बसून तुम्ही एकत्र केलेली कामं आठवा, तारखा आणि आकडे एका कागदावर लिहून द्या, आणि लिहिणं त्यांच्यावर सोडा. वेळ लागतो, म्हणूनच तीन महिने.

वरिष्ठांना सांगणं शक्यच नसेल, नोकरीच धोक्यात येत असेल, तर आधीचे साहेब, दुसऱ्या विभागाचे प्रमुख किंवा नेहमी काम पडणारा ग्राहक चालतो. अर्जात कारण दोन ओळींत लिहायची सोय असते. मार्चअखेर आणि दिवाळीच्या आधीचा आठवडा, या दोन वेळी मात्र कोणाही साहेबाकडे पत्र मागायला जाऊ नका.

मार्कशीट, ट्रान्सक्रिप्ट, नाव: यांत किती वेळ जातो?

अर्ज करताना बहुतेक अमेरिकी शाळांना स्कॅन केलेल्या गुणपत्रिका पुरतात. सीलबंद अधिकृत प्रती प्रवेश मिळाल्यावर मागतात. तरी विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट आधीच काढून ठेवा. परीक्षा विभागात निकालाच्या हंगामात गर्दी असते. टक्के किंवा सीजीपीए स्वतःच्या मनाने ४ च्या पट्टीवर बदलू नका. जसे आहेत तसेच भरा.

बीकॉम, बीएस्सी तीन वर्षांची आहे म्हणून घाबरायचं कारण नाही, बऱ्याच मोठ्या शाळा ती स्वीकारतात. काहींना वेगळं मूल्यांकन लागतं, म्हणून उन्हाळ्यातच ईमेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

नावाची गोष्ट आपल्याकडे विशेष त्रासाची. गुजरात बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं असा क्रम असतो. पासपोर्टवर क्रम वेगळा असतो, आधारवर आणखी तिसरा. परीक्षेची नोंदणी पासपोर्टवर आहे अगदी तशीच करा, आणि अर्जही त्याच नावाने भरा. पासपोर्टमध्येच चूक असेल तर सगळ्यात आधी ती दुरुस्त करून घ्या. सरकारी उपक्रमात नोकरी असेल तर पासपोर्टच्या अर्जासोबत कार्यालयाला पूर्वसूचना दिल्याचं पत्र किंवा ना हरकत प्रमाणपत्र लागतं. तो कागद पुढे सरकायला किती टेबलं लागतात हे तिथे काम करणाऱ्याला सांगायला नको.

कर्जाची तयारी निकालानंतर केली तर चालेल ना?

चालत नाही, आणि पहिल्या राऊंडचा आग्रह मी धरतो त्याचं हे सर्वांत मोठं कारण आहे.

अमेरिकेतल्या दोन वर्षांच्या नामांकित एमबीएचा राहण्याखाण्यासकट खर्च दोन लाख डॉलरच्या वर जातो. शाळा आय-२० देण्याआधी पहिल्या वर्षाच्या खर्चाचा पुरावा मागते, आणि आय-२० नसेल तर व्हिसाचा अर्जच पुढे जात नाही. म्हणजे कर्जाचं मंजुरीपत्र हा व्हिसाच्या आधीचा टप्पा आहे.

काही ठरावीक शाळांसाठी बँका मर्यादित रक्कम विनातारण देतात. प्रॉडिजी फायनान्ससारख्या परदेशी संस्था निवडक शाळांच्या विद्यार्थ्यांना तारणाशिवाय आणि जामीनदाराशिवाय कर्ज देतात, पण ते डॉलरमध्ये असतं. भारतात परत यायचं असेल तर रुपयात कमवून डॉलरमध्ये फेडावं लागेल, हे आधीच समजून घ्या. मोठ्या रकमेसाठी राष्ट्रीयीकृत बँक घर तारण मागते, आणि इथे बडोद्याच्या जुन्या घरांचा प्रश्न येतो. रावपुऱ्यातला वाडा आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन वर्षं झाली, वारसाई नोंद झालेली नाही, एक काका पुण्याला, आत्या न्यू जर्सीला. बँकेच्या वकिलाला प्रॉपर्टी कार्ड, दस्तऐवज, इंडेक्स-२, मंजूर नकाशा लागतो, आणि प्रत्येक हिस्सेदाराची सही. परदेशातल्या नातेवाइकाचं कुलमुखत्यारपत्र साक्षांकित होऊन यायलाच काही आठवडे जातात. हे सगळं निबंध लिहायला बसण्याआधी, घरच्यांनी हाती घ्यावं असं काम आहे. मुलगा अभ्यास करतोय तोवर आई-बाबांनी कागद गोळा करावेत, अशी वाटणी बऱ्याच घरांत छान जमते. शेतजमीन तारण चालेल असं धरू नका, शैक्षणिक कर्जाला बँका सहसा ती घेत नाहीत.

पैसे पाठवण्याबद्दल: स्वतःच्या बचतीतून एका आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर परदेशी पाठवले तर वरच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँकेने वसूल करायचा कर, कापला जातो. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवले तर एप्रिल २०२५ पासून तो लागत नाही. कापलेला कर विवरणपत्र भरताना वळता करता येतो, पण ऐन फीच्या वेळी तेवढी रक्कम अडकते.

पैशाची मुदत शिक्षणाचं वेळापत्रक कशी ठरवते याचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्या शहराशीच जोडलेलं आहे. १९१३ साली बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. तीन वर्षांची ती शिष्यवृत्ती वाढवून मिळाली खरी, पण १९१७ मध्ये संपली, आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला अभ्यास अर्धवट ठेवून त्यांना परतावं लागलं. तो पुरा करायला ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. एवढ्या असामान्य विद्यार्थ्यालाही पैशाच्या मुदतीपुढे अभ्यास थांबवावा लागला. म्हणून दोन्ही वर्षांच्या पैशांची सोय दिसल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका, असं मी प्रत्येक घरात कळकळीने सांगतो.

शिष्यवृत्त्यांच्या तारखा शाळेच्या तारखांशी जुळतात का?

सहसा नाही. शाळेची स्वतःची शिष्यवृत्ती बहुतेक ठिकाणी प्रवेशाच्या अर्जातूनच ठरते. बाहेरच्या संस्थांचं कॅलेंडर वेगळं. जे. एन. टाटा एंडाउमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती, के. सी. महिंद्रा ट्रस्ट, नरोत्तम सेखसरिया फाउंडेशन यांचे अर्ज साधारण हिवाळ्याच्या अखेरीपासून सुरू होतात, म्हणजे पहिल्या राऊंडचा निकाल हातात असलेल्यांना ते सोयीचे पडतात. ब्रिटनच्या चीव्हनिंगचा अर्ज ऑगस्टच्या सुमारास सुरू होऊन शरद ऋतूत बंद होतो, प्रवेश मिळण्याच्या कितीतरी आधी. त्यासाठी दोन वर्षांचा अनुभव लागतो, एमबीएच्या फीला कमाल मर्यादा आहे, आणि शिक्षणानंतर दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट आहे. स्टॅनफर्डच्या रिलायन्स धीरूभाई फेलोशिपसाठीही वेगळा अर्ज आहे आणि भारतात परत येऊन काम करण्याची अट आहे. ज्यांना बडोद्यात परत येऊन घरचा कारखाना किंवा स्वतःचा उद्योग करायचाय, त्यांनी या अटीकडे ओझं म्हणून बघू नये.

व्हिसाला खरंच किती वेळ धरायचा?

अमेरिकेचा एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, अभ्यासक्रम सुरू होण्याच्या ३६५ दिवस आधीपासून मिळू शकतो. देशात प्रवेश मात्र ३० दिवस आधीच करता येतो. गुजरातच्या अर्जदारांची मुलाखत मुंबईच्या वकिलातीत होते. बोटांचे ठसे त्याआधी वेगळ्या केंद्रावर द्यायचे असतात. क्रम असा: प्रवेश, जागेसाठी रक्कम, पैशांचे पुरावे, आय-२०, सेव्हिस फी (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची), डीएस-१६० हा व्हिसाच्या अर्जाचा फॉर्म, मग मुलाखतीची वेळ. मे ते जुलै मुलाखतींची झुंबड असते, कारण इतर अभ्यासक्रमांचे हजारो विद्यार्थी त्याच वेळी रांगेत येतात.

२०२५ साली मे महिन्याच्या अखेरीस नव्या विद्यार्थी-मुलाखतींच्या वेळा देणं काही आठवडे थांबवलं गेलं, आणि जूनमध्ये पुन्हा सुरू करताना समाजमाध्यमांवरची खाती सार्वजनिक ठेवण्याची अट आली. त्याच वर्षी सप्टेंबरपासून अर्जदाराने स्वतःच्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच मुलाखत द्यावी असा नियम झाला. दुबईला मामाकडे जाऊन लवकर मुलाखत देऊ, हा मार्ग त्यामुळे बंद आहे. डिसेंबरात प्रवेश मिळून एप्रिलपर्यंत ज्यांच्या मुलाखती झाल्या होत्या, त्यांना २०२५ च्या त्या उन्हाळ्याची झळ कमी बसली. पुढचा उन्हाळा कसा जाईल हे कोणाच्याच हातात नाही, म्हणून आपल्या हातातले महिने वाढवायचे.

व्हिसा वेळेत मिळाला नाही तर शाळा जागा पुढच्या वर्षी ढकलेल असं गृहीत धरू नका. काही देतात, काही पुन्हा अर्ज करायला लावतात.

किती शाळांना, आणि सगळ्यांना एकाच राऊंडला?

नोकरी सांभाळून एका राऊंडला तीन-चार अर्ज नीट होतात. पहिल्या राऊंडला मनातल्या दोन-तीन शाळा आणि एक खात्रीची ठेवा, आणि डिसेंबरच्या निकालानंतर जानेवारीत आणखी दोन. अडचण एवढीच की डिसेंबरच्या मध्यावर नकार आला तर जानेवारीच्या अर्जाला तीन आठवडेही उरत नाहीत, आणि मन खचलेलं असतं. त्यामुळे दुसऱ्या राऊंडचे निबंध नोव्हेंबरातच अर्धे झालेले असावेत. इथल्या आयएसबी, म्हणजे इंडियन स्कूल ऑफ बिझनेससारख्या संस्थेत अर्ज केला असेल तर तिथला निकाल आणि जागा धरण्याच्या रकमेची तारीख अमेरिकेच्या निकालाआधी येऊ शकते. ती रक्कम परत मिळत नसेल तर किती सोसायची हे घरी आधीच ठरवून ठेवा.

यंदा नकार आला. लगेच पुन्हा भरू?

पुढच्या वर्षी, पहिल्या राऊंडला, आणि काहीतरी बदललेलं असेल तरच. शाळा पुन्हा अर्ज करणाऱ्याला मागच्या अर्जानंतर काय वेगळं झालं ते लिहायला सांगतात. परीक्षेचे गुण वाढले, जबाबदारी वाढली, पुढचं उद्दिष्ट जास्त स्पष्ट झालं, यातलं किमान एक हवं. वेटलिस्टवर असाल तर शाळा परवानगी देत असेल तरच नवी माहिती पाठवा, तीही एकदाच, थोडक्यात.

कन्सल्टंट म्हणतो, 'जानेवारी इन्टेकला लगेच पाठवतो.' जाऊ का?

तो कोणत्या शाळेकडून कमिशन घेतो हे विचारा. विद्यार्थी पाठवल्याबद्दल विद्यापीठाकडून पैसे घेणाऱ्या एजंटला तुमच्या योग्य वर्षापेक्षा त्याच्या पुढच्या बॅचची घाई असणार. शिवाय अमेरिकेतल्या काही शाळांच्या जानेवारी प्रवेशात उन्हाळी इंटर्नशिप नसते. कोलंबियाचा जानेवारीचा मार्ग तसाच आहे, आणि स्वतःच्या उद्योगात किंवा त्याच क्षेत्रात परतणाऱ्याला तो उत्तम आहे. क्षेत्र बदलू पाहणाऱ्याला नाही.

नोकरी कधी सोडू?

व्हिसाचा शिक्का पासपोर्टवर आल्यावर. नोटीस तीन महिन्यांची असेल तर मात्र तारखा जुळत नाहीत. अशा वेळी मनुष्यबळ विभागाशी मे महिन्यात बोलून नोटीस कमी करता येते का ते बघा, किंवा शिल्लक रजा तिच्यात वळती करून घ्या. राजीनाम्याच्या शेवटच्या दिवशी अनुभवपत्र, सगळ्या पगारपत्रकांच्या प्रती आणि भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक घेऊनच बाहेर पडा. प्रवेशानंतर शाळेने नेमलेली संस्था तुमच्या नोकरीची पडताळणी करते, आणि तिचा ईमेल जुन्या कार्यालयात जातो तेव्हा उत्तर देणारं कोणीतरी तिथे हवं. त्या माणसाचं नाव आणि ईमेल निघण्याआधीच लिहून घ्या.